‘डोशात गहू नसतो’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘ग्लुटेन टाळताय? बाहेर असं खा’ हा लेख वाचला. काल दिवसभर स्वतःला समजावलं की जाऊ दे, पण राहवलं नाही. लेखिका म्हणतात, एकांड्या हॉटेलापेक्षा मोठ्या साखळी हॉटेलात जावं, तिथे सगळं ठरलेल्या मापात आणि ठरलेल्या पद्धतीनं होतं, नुसतं ‘ग्लुटेन नको’ सांगितलं की झालं. माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. या आजारात गहू, बार्ली अशा धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की आतड्याला इजा होते. ती चौथीत आहे. ‘सांगितलं की झालं’ हे वाक्य वाचून माझ्या पोटात कालवलं, कारण मी सांगितलं होतं.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. तिचा वाढदिवस होता आणि तिला ‘सगळ्यांसारखं’ हॉटेलात जायचं होतं. पुण्यातल्याच एका दाक्षिणात्य साखळी हॉटेलात गेलो. मेन्यूवर साध्या डोशापुढे ‘ग्लुटेन फ्री’ असं हिरव्या अक्षरात छापलेलं. तरी मी मॅनेजरना बोलावलं. सांबारात हिंग असणार आणि बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, म्हणून सांबार नको म्हटलं. चटणी फोडणीशिवायची मागितली. ते फार अदबीनं म्हणाले, “मॅडम, काळजी करू नका. डोशात गहू नसतोच, तांदूळ आणि उडीद.” त्यांचं काही चूक नव्हतं. पीठ तांदूळ-उडदाचंच होतं.

तिचा अर्धा डोसा खाऊन झाल्यावर मी हात धुवायला उठले. बेसिनशेजारच्या काचेतून भटारखाना दिसतो. लांबच्या लांब एकच तवा. त्यावर एका बाजूला रवा डोसा पडलेला, जाळीदार, कडा सुटत आलेल्या. कारागिराने तो उलथन्याने काढला, तव्यावर तांब्याभर पाणी मारलं, खराट्याने सपासप झाडलं, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला आणि त्याच जागी साधा डोसा टाकला. उलथनं तेच. रव्याचे करपलेले कण कडेला तसेच चिकटलेले मला काचेतून दिसत होते. मी धावत टेबलाशी गेले आणि तिच्यापुढची ताटली ओढून घेतली. वाढदिवसाच्या मुलीच्या पुढ्यातून. तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही.

रात्री दीडला उलट्या सुरू झाल्या. पुढचे तीन दिवस शाळा नाही, पोट फुगलेलं, अन्नावर वासना नाही.

लोकांना वाटतं, एवढ्याशा कणांनी काय होतंय. आपल्याकडे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेलं तरी या रुग्णांच्या आतड्याला इजा होऊ शकते, आणि तेवढं ग्लुटेन साधारण अर्ध्या ग्रॅम मैद्यात असतं. अर्धा ग्रॅम म्हणजे दोन बोटांची चिमूट. यावर औषध नाही, जन्मभर पथ्य हाच उपाय. मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत आम्ही जंताची औषधं आणि लोहाची सिरपं देत बसलो, उंची वाढेना, मग हा आजार शोधणारी रक्ताची टीटीजी तपासणी आणि एंडोस्कोपी. तेव्हापासून घरात गहू नाही. ज्वारीसुद्धा गिरणीत देत नाही, कारण आधीच्या माणसाचा गहू जात्यात असतो. कर्ज काढल्यासारखा हिशेब करून घरघंटी घेतली. एवढं सांभाळून बाहेरच्या एका तव्यानं सगळं मातीत जातं.

मी त्या हॉटेलच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. 10 किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थांतल्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यायची, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे आणि त्या यादीत ग्लुटेनची धान्यं आहेत, हेही लिहिलं. उत्तरात दिलगिरी आणि पुढच्या भेटीवर 15 टक्के सवलतीचं कूपन आलं. तव्याबद्दल एक अक्षर नाही. मला कूपन नको होतं. वेगळा तवा ठेवणं जमत नसेल तर मेन्यूवरची ती हिरवी अक्षरं काढा आणि तोंडावर सांगा, “ताई, आमच्याकडे नाही जमणार.” एका छोट्या खाणावळीतल्या काकूंनी मला असंच सांगितलं होतं. वर वाफेचे बटाटे सोलून, मीठ लावून लेकीला दिले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आणि आम्ही डबा घेऊन गेलो तर दारावर पाटी, ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’. मैत्रिणीच्या वाढदिवसाला रखवालदाराने लेकीचा डबा काढून ठेवायला लावला. आजारी मुलीच्या भाकरीनं कुणाचा धंदा बुडतो?

आता तुमच्याबद्दल. लेखाखालच्या चौकटीत ‘ग्लुटेन-फ्री थालीपीठ’ छापलंय, साहित्यात ‘तयार भाजणी 2 वाट्या’ आणि ‘हिंग पाव चमचा’. भाजणीत सहसा गहू असतो हे आपल्या घरातल्या कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. ज्या घरात नुकतंच निदान झालंय, तिथली आई तुमचा कागद कापून ओट्यापाशी चिकटवते. मीही चिकटवायचे. कुणीतरी परवाच ते थालीपीठ लावलं असेल आणि मुलाला भरवलं असेल.

येत्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि कोपऱ्यात बारीक टायपात नको, पाककृतीची चौकट होती त्याच जागी, तेवढीच मोठी. भाजणी घरी करायची, गहू वगळून, आणि वेगळ्या तव्यावर लावायची, एवढं तरी त्यात यायला हवं.

आपली,
एक वाचक आणि आई
सिंहगड रस्ता, पुणे