घरी शिकवणाऱ्यांची पण एक भिशी पाहिजे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पानावर एका रिटायर्ड सरांचं पत्र आलं होतं. पोरांना शाळेत न घालता घरी शिकवणारे पालक म्हणजे हौशी लोक, दोनेक वर्षांत दमतात आणि मग मुलाला कुठल्यातरी शाळेत नेऊन बसवतात, असं त्यांचं म्हणणं. सर, अर्धं खरंय तुमचं. दमतात. आमची दोन्ही पोरं घरीच शिकतात आणि ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी हे सोडलं त्यांची पोरं चांगली शिकत होती हो, आईबापच एकटे पडले. रोज सकाळी उठून आज काय घ्यायचं, काल घेतलेलं बरोबर होतं का, नऊ वर्षाच्या पोराला भागाकार येत नाही म्हणजे काय आभाळ कोसळलंय का, हे विचारायला समोर माणूसच नाही. सासूबाईंना विचारलं तर शाळेत घाल, शेजारी विचारलं तर शाळेत घाल, आणि जे आपल्यासारखे आहेत ते एक घर सांगलीच्या विश्रामबागेत, एक मिरजेत, एक विट्यात, एक पार साताऱ्यात, आणि सगळेजण आपापल्या स्वयंपाकघरात बसून अपूर्णांक कसे शिकवायचे ते परत पहिल्यापासून शोधून काढतायत.

जिल्हा परिषदेच्या शाळांना आपण येता जाता नावं ठेवतो, पण त्यांच्या शिक्षकांची केंद्राकेंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षण परिषद भरते, एखाद्या बाईंनी काहीतरी नवीन केलं असलं तर त्या उठून दाखवतात, बाकीचे बघतात, काहीजण जांभया देतात, पण दोघेतिघे तरी ते वहीत उतरवून आपल्या शाळेत करून बघतात. आम्हाला तेवढंसुद्धा नाही.

आता म्हणाल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा की. काढला होता. पहिले काही दिवस लय उत्साह, मग गुड मॉर्निंग, मग कुणाच्या तरी पोराचं सर्टिफिकेट आणि खाली चाळीस टाळ्या, मग एका बाईंनी त्यांच्या ऑनलाइन क्लासची जाहिरात टाकायला सुरवात केली आणि हळूहळू सगळे म्यूट. असं का होतं याचा मी बराच विचार केलाय आणि मला वाटतं दोन कारणं आहेत, एक म्हणजे ग्रुप एकाच माणसाच्या जिवावर चालतो आणि तो माणूस एकतर थकतो नाहीतर गुरू होतो, आणि दुसरं म्हणजे सगळे फक्त जमलेलंच टाकतात. माझ्या पोराला घड्याळ कळायला वर्ष लागलं हे कुणी लिहीत नाही. आणि मला नेमकं तेच वाचायचं असतं.

म्हणून मी म्हणते भिशी करा. आपल्याकडं बायकांना भिशी कशी चालते ते शिकवायला लागत नाही, दर महिन्याला नंबर बदलतो, ज्याचा नंबर त्याच्या घरी बैठक, आणि आपला हप्ता दिल्याशिवाय कुणाला काही मिळत नाही. इथं हप्ता म्हणजे एक पान. महिन्याभरात आपण पोरांबरोबर जे केलं त्यातली एकच गोष्ट, पोराचं वय काय, सामान काय लागलं, खर्च किती आला, आणि कुठं फसलं. फसलेलं लिहिणं कंपल्सरी. ज्याचा नंबर आहे त्यानं सगळी पानं गोळा करायची, नीट वाचायची, कुठलं कशाला जोडून घेता येईल ते चार ओळीत लिहायचं आणि झेरॉक्स काढून सगळ्यांना द्यायचं. पुढच्या महिन्यात दुसरं घर. कायमचा अध्यक्ष नाही, सचिव नाही, सत्कार तर मुळीच नाही!

उदाहरण देते म्हणजे कळेल. पावसाळ्यात सांगलीकर माणूस सकाळी उठल्यावर पहिलं काय विचारतो? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ, २०१९ च्या महापुरानंतर तर जास्तच. मोबाईलवर रोज आकडे येतात, कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, मग आयर्विन, अंकली, म्हैसाळ. आम्ही ते आकडे वहीत लिहायला लागलो आणि आलेख काढला. पोरगी म्हणाली कराडला पाणी चढलं की आपल्याकडं लगेच का चढत नाही, मधे कुठं थांबतं का ते. झालं, तिथनं नकाशा निघाला, नदीची वळणं निघाली, भिलवडीच्या आणि आपल्या आकड्यात किती तासांचा फरक पडतोय ते मोजायचा नाद लागला. मग कोयना धरणातनं इतके क्युसेक सोडले अशी बातमी आली, तर क्युसेक म्हणजे काय? सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी एका क्युसेकनं ३५ सेकंदात भरते. धरणाच्या पायथा वीजगृहातनं २१०० क्युसेक सोडतात तेव्हा सेकंदाला ५९ टाक्या. हे गणित पोरीनं स्वतः केलं आणि मग गच्चीवर जाऊन टाकीकडं बघत बसली, तिला ते खरंच वाटेना. टीएमसी मात्र आमच्यात फसलं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट हे तोंडपाठ झालं पण डोक्यात काही उतरलं नाही, कोयना धरण १०५ टीएमसीचं आणि चांदोली धरण ३४ चं म्हणजे एक मोठं आणि एक लहान, एवढंच. ते कसं शिकवायचं हे कुणाकडं असेल तर मला पाहिजे आहे.

आणि हेच मी म्हणते, प्रत्येक घराकडं आपापलं काहीतरी असणारच. तासगावच्या घरात बेदाण्याचं शेड असेल तर चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, बाकीचे तीन किलो गेले कुठं, यापेक्षा भारी शेकडेवारीचा धडा कुठल्या पुस्तकात सापडणार आहे. मिरजेत सतारमेकर गल्लीत पोराला एक दुपार नुसतं बसवा, कडू भोपळ्याचं आवाज घुमवणारं भांडं कसं होतं आणि सतारीचा पडदा सरकवला की स्वर का बदलतो हे बघून आलेल्या पोराला ध्वनीचा धडा परत शिकवावा लागणार नाही (तिथल्या कारागिरांना आधी विचारून जा, त्यांच्या कामाचा खोळंबा करू नका). जतकडच्या दुष्काळी भागातल्या माणसाला पाण्याच्या टँकरचं गणित येतं, ते आम्हा नदीकाठच्यांना सुचणारच नाही. हे सगळं मराठीत, आपल्या जिल्ह्यातलं, कुठल्याही रेडिमेड किटमधे मिळत नाही. त्या किटमधे स्ट्रॉबेरी मोजायला देतात. बरं स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची तरी असावी ना, तर ती पण चित्रातली.

फुकट वाटून घेणारी माणसं आपल्याकडं नाहीत असंही नाही. अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुन्या बाटल्या असल्या कचऱ्यातनं विज्ञानाची खेळणी केली आणि सगळी कृती, वर ढीगभर पुस्तकं, कुणीही घ्या म्हणून नेटवर ठेवली, मराठीतलीसुद्धा. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या झेडपी शाळेच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलर, तर त्यातले अर्धे त्यांनी उरलेल्या नऊ फायनलिस्टांना वाटून टाकले. जुन्या काळात ताराबाई मोडक बालशिक्षणासाठी मराठीतनं शिक्षणपत्रिका चालवायच्या. आणि तिकडं अमेरिकेत जॉन होल्ट म्हणून शिक्षक होते, त्यांनी १९७७ साली बोस्टनहून घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक छोटी पत्रिका काढली, त्यात पानंच्या पानं पालकांची पत्रं. होल्ट १९८५ ला वारले पण पत्रिका २००१ पर्यंत चालली. ती एका माणसाच्या लिखाणावर उभी असती तर त्यांच्याबरोबरच बंद झाली असती असं आपलं मला वाटतं.

कागदपत्रांचंही तेच. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्याच्या कलम १० मधे पालकानं मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे कर्तव्य म्हटलंय, पण नाही घातलं तर पालकाला शिक्षा काय ते कुठंच नाही, आणि घरी शिकवण्याबद्दल तर एक ओळ नाही. त्यामुळं ज्याला जसं वाटेल तसं तो सांगतो. एका कार्यालयात मला सांगितलं की अशी मुलं नसतातच, म्हणजे माझ्या शेजारी खुर्चीत पाय हलवत बसलेली कोण होती देव जाणे. पुढं परीक्षा कशी द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि जे पोरगं शाळेत गेलंच नाही त्यानं शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठनं? अशांना एनआयओएस सोपं, म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा, चौदा वर्षं पूर्ण पाहिजेत, पाच विषय, वर्षातनं दोनदा परीक्षा, आणि सगळे विषय एकदम द्यायला पाहिजेत असं काही नाही. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची आणि आठवीची परीक्षा असते हे तर शाळेतल्या शिक्षकांनाही बऱ्याचदा माहीत नसतं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मात्र फॉर्म शाळेमार्फतच, तिथं आमची पोरं बाहेर. ही सगळी माहिती प्रत्येक घर चपला झिजवून नव्यानं गोळा करतंय. एकानं केलेल्या हेलपाट्याचं एक पान झालं असतं तर बाकीच्यांचे दिवस वाचले असते.

आता सरांच्या पत्रातला एक मुद्दा मला खरोखर टोचला, तो सोडून पुढं जात नाही. त्यांनी लिहिलंय की घरी शिकणारी मुलं फक्त आपल्यासारख्याच घरातली मुलं बघतात. याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तिथं सगळ्या जातीची पोरं एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली, अंगमेहनत करून शिकली. माझ्या हॉलमधल्या दोन पोरांना ते कुठनं मिळणार? घरी शिकवायला एकजण तरी घरात थांबावा लागतो, पुस्तकांना पैसे लागतात, म्हणजे हे जरा बऱ्या परिस्थितीतल्या लोकांचंच काम आहे हे मान्य करायला लाज कसली. कारखाने सुरू झाले की मराठवाड्यातनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबरच्या पोरांची शाळा सुटते ती काही आईबापाला हौस म्हणून नाही. त्यांच्या आणि आमच्या पोरांना एकाच शाळाबाह्य रकान्यात बसवायचं म्हणजे कमाल आहे.

पण म्हणूनच भिशी घरोघरी फिरली पाहिजे असं माझं मत आहे, एका चांगल्या फ्लॅटमधे कायमची भरवून उपयोग नाही. एक महिना कवठेमहांकाळच्या वस्तीवर, एक महिना सांगलीतल्या खणभागातल्या दोन खोल्यांत, आणि पोरांना बरोबर घेऊनच. शाळेत जाणाऱ्या पोरांचे आईबाप आले तरी चालतील, झेडपीचे शिक्षक आले तर फारच चांगलं, त्यांच्याकडं बहुवर्गाचा अनुभव असतो, एकाच खोलीत दुसरी आणि चौथी कशी सांभाळायची हे मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा त्यांच्याकडनं शिकायचंय. साखरशाळेत (ऊसतोड कामगारांच्या पोरांची शाळा) किंवा उसाच्या फडावर जाऊन शिकवणारं कुणी असेल तर झेरॉक्स त्यांना फुकट, हप्ता नको.

रिटायर्ड सरांनी पण यावं. खरंच म्हणते. चाळीस चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाकडं टीएमसी कसं समजवायचं ते नक्की असणार, आणि वाद घालायचा असला तरी चहा पिता पिता घालू.

वाचनालयांना एक विनंती, महिन्यातनं एक रविवार दुपारी तुमची खोली तशीही रिकामी असते, आम्ही घालू ती चटई, झाडून पण काढू. ज्याच्या घरी जागा नाही त्याचा नंबर तिथं लावता येईल.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडं मागणी छोटी आहे. रविवारच्या पुरवणीत महिन्यातनं एकदा अर्धा कॉलम द्या, त्या महिन्यातलं एक पान आम्ही निवडून पाठवू, त्यात कुणाच्या क्लासचं नाव येणार नाही याची हमी माझी. जागा शब्दकोड्याच्या शेजारी दिली तरी चालेल, फक्त जागा करायला म्हणून शब्दकोडं लहान करू नका, आमच्या घरी मराठीचा तास त्याच्यावरच चालतो.

आपली,
दोन घरी शिकणाऱ्या पोरांची आई, सांगली
(नाव छापू नये, सासूबाई तुमचा पेपर वाचतात)