चिंचोक्यांचा चौकोन

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गणपतीत आले होते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आई मोदक वळत होती, जीभच रेटली नाही. मी राजीनामा दिलाय. ऑक्टोबरात व्हिएन्नाला पीएचडीसाठी जातेय, गणितातलं ‘का’ आणि बौद्ध तर्कशास्त्र यावर. शिष्यवृत्ती आहे, तुमच्या एफडीला हात लावायचा नाही. खोलीत हीटर आहे, कुकर नेतेय, डाळ-तांदूळ तिथे मिळतात.

बाबा, तुम्ही म्हणाल, गणित सोडून हे बौद्ध काय मध्येच? दोष तुमचाच. मी तिसरीत असताना तुम्ही माजघरात चिंचोके मांडलेत. एक, त्याला काटकोनात तीन, मग पाच, मग सात. दर वेळी चौकोनच! पुढे कॉलेजात तेच इंडक्शनने (एका पायरीला खरं तर पुढचीलाही खरं, असं दाखवत) सिद्ध केलं. पटलं, पण ‘का’ ते चिंचोक्यांनीच कळलं होतं. मार्क स्टायनर या तत्त्वज्ञाने १९७८ साली हाच फरक मांडला. ‘का’ सांगणारी सिद्धता त्या वस्तूच्या अंगच्या वैशिष्ट्यावर उभी असते, असं त्याचं म्हणणं.

आणि साधारण सातव्या शतकातला बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती. धुरावरून आग ओळखतो तिथे आग कारण, धूर कार्य. पण ‘हा वृक्ष आहे, कारण ही शिंशपा आहे’ (शिंशपा ही झाडाचीच एक जात) यात कोणी कोणाला घडवत नाही. त्याला तो स्वभावहेतू म्हणतो, म्हणजे वस्तूच्या स्वभावातूनच निघणारं कारण. गणितातलं ‘का’ त्यात बसतं का, एवढंच मला बघायचंय. बसेलच असं नाही. नागार्जुन हा दुसरा बौद्ध तत्त्वज्ञ तर कशालाच स्वभाव नाही म्हणतो (दोघांचा ‘स्वभाव’ एकच समजू नकोस, असं गाईडने पहिल्याच मेलमध्ये बजावलं). धर्मकीर्तीच्या संस्कृत-तिबेटी पोथ्यांवर व्हिएन्नात कित्येक वर्षं काम चाललंय, म्हणून इतक्या लांब. पुण्यात झालं असतं तर गेले नसते गं आई.

आई, मी दीक्षाबिक्षा घेत नाहीये. बाबा लगेच धर्मानंद कोसंबींचं नाव काढतील, की बाप बौद्ध पंडित आणि मुलगा गणिती. तू घाबरू नकोस. धर्मानंद घर सोडून गेले होते, मी उन्हाळ्याच्या सुट्टीत येणार आहे. आल्यावर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून तेल घालून घेणार.

बाबा, साखर दर सोमवारी तपासायची आणि खरा आकडा लिहायचा. मागे १८० चे १३० केलेत, वहीतली खाडाखोड दिसली मला. आई, माळ्यावर चढायचं नाही. स्टूल मी शेजारच्या काकूंकडे ठेवून आलेय.

चिंचोक्यांची बरणी शोधू नका. माझ्या बॅगेत आहे.

तुमची,
मनू