चढाला गप्प, उताराला बडबड

सातारा, रविवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळच्या घाटातल्या शर्यतीबद्दल दुपारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, पळालात की चाललात?" आई शेजारीच होती, म्हणून "झालं छान" म्हणत विषय टोलवला. खरं काय ते इथं लिहितो.

तुझी अट पाठ होती: गुडघा दुखला की चालायचं, चालतानाही दुखलं तर मुकाट्यानं गाडीत बसायचं. अटीत गोळीचा उल्लेख नव्हता. म्हणून पहाटे एक गोळी कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकली. पळताना अंगातलं पाणी कमी होतं, त्यात दुखण्याची गोळी घेतली की मूत्रपिंडावर ताण येतो, हे तूच मला बजावलं होतंस. माहीत असूनही बरोबर घेतली. तुझे आजोबा साखरेचे पेशंट असताना उशाखाली कंदी पेढे ठेवायचे, तेच रक्त.

यवतेश्वरच्या घाटात गुडघ्यानं चकार शब्द काढला नाही. पाऊस, धुकं, कडेला ढोल-ताशे, आणि मी अडीच तासांच्या बसमागं झकास पळत होतो. (बस म्हणजे वेळ धरून पळवणारा पेसर आणि त्याच्या मागची माणसं.) कास रस्त्यावर वळसा घेतला तेव्हा मनात आलं, ही फिजिओ उगाच घाबरवते. तिनं महिन्याभरापूर्वी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. आयटी बँड म्हणजे कमरेपासून मांडीच्या बाहेरच्या बाजूनं गुडघ्याखाली नडगीपर्यंत उतरणारा चिवट पट्टा. गुडघा साधारण 30 अंशांत वाकला की तो तिथल्या हाडावर दाबला जातो. चढाला एक वेळ चालतं, पण उताराला प्रत्येक पाऊल ब्रेक मारतं आणि तीच जागा पुन्हा पुन्हा दाबते. दोष गुडघ्याचा कमी, कुल्ल्याच्या स्नायूंचा जास्त. म्हणून तर रोज रात्री कुशीवर पडून शिंपल्यासारखे गुडघे उघडझाप करत होतो आणि तुझी आई हसत होती.

परतीचा घाट लागला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचली. शंभर पावलांत सुईचा दाभण झाला. समोर धुकं फाटलं होतं, खाली अख्खा सातारा आणि पलीकडे अजिंक्यतारा. असलं दृश्य दिसत असताना माझा हात खिशात होता. पुडी काढली तर आत पांढरा लगदा. पावसानं गोळी केव्हाच खाल्ली होती.

मग चाललो. सोपं नव्हतं गं. बस पुढं गेली, मग पावणेतीनची गेली, मग चढाला मी ज्यांना मागं टाकलं होतं ते सगळे एकेक करून आले. एक कॉलेजातला पोरगा ओरडला, "आजोबा, थोडंच राहिलंय!" मी 56 वर्षांचा आहे, आजोबा कोण रे? रागाच्या भरात दहा पावलं पळालो. गुडघ्यानं लगेच हिशेब चुकता केला. पुन्हा चाल. चालताना मात्र दुखत नव्हतं, दोनदा थांबून खात्री केली, म्हणून गाडीला हात दाखवला नाही. तुझ्या अटीत हे बसतं, मी वकिलासारखा तपासून घेतलंय.

घाट संपून सपाटीवर आलो तेव्हा पळता आलं असतं. नाही पळालो. हे तुला मुद्दाम सांगतोय, कारण बाकी पत्रात मी फार शहाणा दिसत नाही.

3 तास 11 मिनिटं. गेल्या वर्षापेक्षा 38 मिनिटं जास्त. मेडल तेवढंच जड आहे, मी तोलून बघितलं.

आता पाय उशीवर, गुडघ्याला बर्फाची पिशवी. उद्या जिना उतरताना कळेलच. शनिवारी येशील तेव्हा व्यायामाचा तो रबरी पट्टा आण, पिवळा आता सैल पडलाय, पुढच्या रंगाचा, म्हणजे जास्त ताणाचा आण. आणि गोळीचं आईला बोलू नकोस. पँट धुवायला टाकलीये, खिसा उलटा करून.

तुझा,
बाबा