अंडपेशीतल्या भोवऱ्याविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पेशीतला द्रव फिरतो हे तुम्ही हायड्रिलाच्या पानात मुलांना वर्षानुवर्षे दाखवत आलात. पण त्याला फिरवतो कोण, हा तुमच्या पत्रातला प्रश्न फोनवर उरकण्याजोगा नव्हता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हे फिरणे १७७४ मध्ये इटलीतील बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी नोंदवले. कारा या पाणवनस्पतीची एकेक पेशी कित्येक सेंटिमीटर लांब वाढते आणि तिच्यातला द्रव सेकंदाला १०० मायक्रोमीटरपर्यंत वेग गाठतो. म्हणजे १० सेंटिमीटर अंतराला साधारण १७ मिनिटे. नुसत्या विसरणावर, म्हणजे रेणूंच्या आपोआप इकडेतिकडे पसरण्यावर, विसंबले तर अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो, आणि तेवढ्याच अंतरासाठी प्रथिनाच्या रेणूला वर्षाहून अधिक काळ लागेल. मोठ्या पेशीचे प्रवाहावाचून चालतच नाही.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ती फळमाशीची अंडपेशी. तिच्या आतल्या कडेला हजारो सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या बारीक पोकळ काड्या, एका टोकाने रोवलेल्या असतात. त्यांवरून कायनेसिन नावाची प्रथिने ओझे घेऊन, ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत, बुडाकडून शेंड्याकडे चालतात. चालताना ती भोवतीचा द्रव सोबत ओढतात आणि तेवढाच उलटा जोर नलिकेला बुडाकडे दाबतो. तो वाढला की सरळ उभी नलिका वाकते. एकटी असती तर ती नुसती डोलत राहिली असती. दाटीत मात्र एकीने ढकललेला द्रव शेजारणीला लववतो, लवलेल्या शेजारणीवरचे कायनेसिन द्रव त्याच बाजूला रेटतात, आणि अशा रीतीने एकमेकींना सामील होत सगळ्या नलिका एका दिशेला कलून पेशीभर एकच भोवरा उभा राहतो. आई, तू ज्वारीच्या रानात वाढलीस. वाऱ्याने पीक लवते तसेच हे, फक्त इथला वारा ताटांनीच निर्माण केलेला असतो.

न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी सहकाऱ्यांसह हे गणित हजारो नलिका घेऊन संगणकावर मांडले आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी नलिकांचा ताठपणा, दाटी, कायनेसिनचा जोर आणि द्रवाचा चिकटपणा घातला होता. भोवरा आपोआप उमटला. एवढ्या लहान मापाला जडत्वाचे काही चालत नाही, ढकलणे थांबले की प्रवाह तत्क्षणी थांबतो, त्यामुळे हा मेळ सतत चालू ठेवावा लागतो. बाबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे: वरून हुकूम देणारे कोणी नाही, द्रवच एकीचा जोर दुसरीपर्यंत पोचवतो.

आणि हे फिरणे वाया जात नाही. नॅनोस या जनुकाचा आरएनए, म्हणजे त्याचा संदेश वाहणारा रेणू, या प्रवाहाबरोबर फिरत अंड्याच्या मागच्या टोकाशी पोचतो, तिथे धरून ठेवला जातो, आणि अळीचे उदर, म्हणजे शरीराचा मागचा भाग, कोणत्या टोकाला घडायचे हे त्यावर ठरते.

तुमची लेक