शिसं वितळवायच्या पॉटबद्दल तक्रार, आणि ते माहितीपत्रक आधी बंद करा

कस्टमर केअर टीम, नमस्कार,

तुमचा शिसं वितळवायचा इलेक्ट्रिक पॉट, साचा आणि पळी असा सेट मागवला होता, गळाची वजनं घरीच ओतायची म्हणून. पैसे परत हवेत, पण त्याआधी नीट वाचा, कारण चॅटवरच्या तुमच्या माणसाला काही कळलेलं दिसत नाही.

नॉब ३५० वर ठेवला. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, म्हणजे ओतायला थोडंसंच वर लागतं. तर थोड्या वेळाने मळी, म्हणजे वितळलेल्या शिशावर जमणारा थर, बाजूला केली की खाली सोनेरी-निळी झाक दिसायला लागली, तेव्हाच जास्त तापल्याची शंका आली. पसोड्या विठोबापाशी घेतलेला थर्मोकपल (तापमान मोजायची तार) मल्टीमीटरला जोडून आत घातला तर ५२० च्या वर! इतकं तापलं की शिशाचा धूर वाढतो, आणि तो ना दिसतो ना धड वास येतो. मी टेरेसवर उघड्यात होतो म्हणून ठीक, लगेच प्लग काढला.

पण खरा राग माहितीपत्रकाचा आहे. फोटोत पॉट चक्क ओट्यावर, शेजारी कुकर! आणि खाली लिहिलंय की साचा पटकन गार करायला पाण्यात बुडवा आणि पुढचं ओता. अहो, साच्यात थेंबभर पाणी राहिलं आणि त्यावर वितळलेलं शिसं पडलं तर पाण्याची एका क्षणात वाफ होते, जागा लागते हजारपटीहून जास्त, आणि ते शिसं सगळं तोंडावर उडतं. साचा ओला नाही, उलट आधी गरम करून कोरडा करायचा असतो, हे कोणीही ओतकामवाला सांगेल. सोबतचा मास्क म्हणजे मेडिकलमध्ये मिळतो तो निळा कागदी, धुराला त्याचा काय उपयोग? मळीची पूड विषारी असते, ती झाडायची नाही, हात धुतल्याशिवाय खायचं नाही, घरात लहान मुलं असतील तर हे काम घरात करूच नये, यातलं एक अक्षर नाही. चॅटवर उत्तर काय, तर "सर, एक्झॉस्ट लावून किचनमध्ये वापरा". धन्य!

तर पैसे परत करा, पत्रक मागे घ्या, आणि ज्यांनी ज्यांनी हा सेट घेतलाय त्यांना पाण्याचं तेवढं तरी आजच मेसेज करून कळवा.

पॉटमध्ये शिसं तसंच घट्ट झालंय, ते काढायला मी परत तापवणार नाही, तेव्हा पिकअपवाल्याला वजनाची कल्पना देऊन पाठवा.

एक ग्राहक, पुणे