विजय दिनाच्या नॅटला एकच आसन हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१६ डिसेंबरला विजय दिनानिमित्त शाळा-महाविद्यालयांत १९७१ च्या युद्धातील विमानांच्या प्रतिकृती मांडल्या जातात, हे फार चांगले आहे. मात्र फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांचे विमान म्हणून दोन आसनी नॅट (भारतीय हवाई दलाचे छोटे जेट विमान) मांडणे चूक आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांना ते १८ स्क्वाड्रनच्या एकआसनी लढाऊ नॅटमधून एकटेच भिडले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. परमवीरचक्र मिळालेले ते हवाई दलातील एकमेव वीर. त्यांच्या नावाच्या पाटीवर दुसरेच विमान असू नये.

घोळाचे कारण साधे आहे. एअरफिक्स या प्रतिकृतींचे संच बनवणाऱ्या कंपनीचा १:७२ प्रमाणातला नॅट सहज मिळतो, पण तो ब्रिटिश प्रशिक्षण विमान टी.१ चा संच आहे. मागची खुर्ची काढून आणि काच कापून तो लढाऊ होत नाही. लढाऊ नॅट ८.७४ मीटर लांब, म्हणजे या प्रमाणात सुमारे १२.१ सेंटिमीटर, टी.१ भरतो १३.४. पंखविस्तार अनुक्रमे ९.४ आणि १०.२ सेंटिमीटर. लढाऊ नॅटच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणाऱ्या तोंडाशी ३० मिलिमीटरची एकेक एडन तोफ असते, टी.१ ला तोफाच नाहीत. त्यामुळे स्पेशल हॉबीचा एकआसनी संच शोधावा. त्याच कंपनीचा अजीत (नॅटची भारतात सुधारलेली आवृत्ती) मात्र या प्रसंगासाठी नको, कारण अजीत १९७५ मध्ये प्रथम उडाले.

जोडणीत खरी परीक्षा पंखांची. ते धडाच्या वरच्या भागात बसतात आणि टोकांकडे खाली झुकतात. प्लास्टिक जोडणारे सिमेंट ओले असताना ते सरळ होऊ पाहतात. म्हणून पुठ्ठ्याला समोरून दिसणारा कोन कापून आधार करावा, विमान त्यात रात्रभर ठेवावे आणि दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची पट्टीने मोजावी. मागची चाके धडातूनच निघत असल्याने त्यांच्यातले अंतर कमी असते. एक पाय जरा तिरका बसला तरी विमान कलंडलेले दिसते. विमान शेपटीवर बसू नये म्हणून धड बंद करण्यापूर्वी सगळे भाग चिकटपट्टीने जोडून तोल पाहावा आणि लागेल तेवढे शिसे नाकात घालावे. काचेला झटपट चिकटणारा गोंद अजिबात नको, त्याच्या वाफेने आतून पांढुरका थर येतो. पांढरा फेविकॉल पुरतो.

रंगाची घाई पावसाळ्यात करू नये. दमट हवेत लॅकर धुरकट होतो. दसऱ्यानंतर सुरुवात केली तरी वेळ पुरतो. १९६५ मध्ये नॅट उघड्या धातूच्या रंगात उडत, १९७१ मध्ये त्यांच्यावर कॅमोफ्लाज होता. त्याच्या पट्ट्या एका विमानावरून दुसऱ्यावर बदलत, तेव्हा त्या काळचे छायाचित्र समोर ठेवूनच रंगवावे. हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, मॅट रंगावर लावले की खाली हवा अडकून कडा चंदेरी चमकतात. आधी चकचकीत वार्निश, मग डेकल आणि शेवटी मॅट वार्निश हा क्रम मोडू नये.

सेबर पाडणारा म्हणून नॅट ओळखला जातो. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळ बोयरा येथे २२ स्क्वाड्रनच्या चार नॅटनीही तो लौकिक सिद्ध केला, त्यामुळे हाच संच त्या प्रसंगासाठीही चालतो. पाटी आणि शेपटीवरचा क्रमांक मात्र त्यानुसार बदलावा. क्रमांकाची खात्री नसेल तर ती जागा कोरी ठेवावी, कुठलाही आकडा ठोकून देऊ नये.

आपले,
प्रतिकृती बनवणारे काही वाचक, पुणे