झेरॉक्स मंजूर, रंग नामंजूर

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सादर नमस्कार.

मी शिरपूर तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. आधी कलाशिक्षक पदविका केली, मग एम.एड., आणि आता शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते आहे. परवा माझ्या आकस्मिक खर्चाची फाइल परत आली. झेरॉक्सचे ३,१०० रुपये मंजूर. पोस्टर कलर, ब्रश, कार्डशीट आणि गेरू यांचे ७,८४० रुपये नामंजूर. शेरा एकच: ‘संशोधनाशी संबंधित नाही.’

माझं संशोधनच रंगांचं आहे, महोदय. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारं पोर सहावीत पुस्तकी मराठीपुढे मान खाली घालतं. त्याला आधी घरातलं काहीतरी चितारायला दिलं आणि मग त्या चित्राखाली लिहायला सांगितलं तर काय होतं, हे मी दोन वर्षं एका जिल्हा परिषद शाळेत बघते आहे. अहिराणी पोरींनी कानबाई देवी काढली, आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके काढले. सहा महिने तोंड न उघडलेल्या एका पावरा मुलाने होळीतला बुध्या काढला, मोरपिसांचा टोप घातलेला, कमरेला भोपळे बांधलेला. खाली अकरा ओळी लिहिल्या. त्या दिवशी मी वर्गाबाहेर जाऊन रडले. प्रगती अहवालाच्या बैठकीत मला सांगितलं गेलं, ही चित्रं परिशिष्टात टाका, प्रबंधात तक्ते हवेत.

आता फेलोशिपचं. अकरा महिने एक पैसा आलेला नाही. आम्ही निवेदन घेऊन गेलो तेव्हा ‘दिवाळीआधी खात्यात जमा होईल’ असा शब्द मिळाला होता. दिवाळी गेली, संक्रांत गेली. पोर्टलवर ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसतं. शेकडा तीन रुपयांनी साठ हजार उचललेत, म्हणजे महिन्याला अठराशे नुसतं व्याज. भाव चढेपर्यंत कापूस घरात ठेवायचा होता, तो माझ्यापायी आधीच विकावा लागला. आई रोज विचारते, “पैसा उनात का वं माय?” तिला काय सांगू ते तुम्ही सांगा. नेट परीक्षेतून केंद्राची जेआरएफ फेलोशिप मिळवणाऱ्यांना जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये ठरलेत. आमच्या मंजुरीपत्रावरही आकडा आहेच, पण मंजुरीपत्र दाखवून सावकार थांबत नाही.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. सरकारी कला महाविद्यालयं मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मिळून एकही नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे गावी शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी सापडली, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची. त्याच चाळीसगावात केकी मूस यांनी घरात बसून टेबलटॉप छायाचित्रण केलं आणि नाव काढलं. कलेला हा मुलूख नवा नाही. इथल्या पोराला चित्रकला शिकायची तर घर सोडावं लागतं, आणि पोरीला बहुतेक वेळा सोडू देत नाहीत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक हवा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कलेतून शिक्षण द्या म्हटलंय. मी बसते त्या शाळेत कलेचा माणूस म्हणजे मी, तीही बिनपगारी. मग ही कलमं लिहिता कशाला?

आमच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं. ओव्या लेकाने आणि त्याच्या मावसभावाने उतरवून घेतल्या म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. मी त्या पोरांच्या शेजारी बसून तेच करते. ते संशोधन नाही असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी एक दिवस तरी त्या वर्गात येऊन बसावं.

थकलेली फेलोशिप एकरकमी द्या. कला आणि शिक्षणातल्या संशोधकाला रंग, कागद, माती हा खर्च मान्य करणारा स्पष्ट शासन निर्णय काढा. सर्जनशील कामाला प्रबंधाच्या मुख्य भागात जागा द्या. २१४ चित्रं माझ्याकडे कापडात बांधून ठेवली आहेत. तुम्ही वेळ द्या, मी गठ्ठा घेऊन मुंबईला येते. एसटीचं भाडं मागणार नाही.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी
ता. शिरपूर, जि. धुळे